आधी वीज, मग गॅस, मग पाणी

कोणाच्याही घरी पहिल्यांदा गेलो की चहा यायच्या आत मी विचारतो, "तुमचा मेन स्विच कुठे आहे हो?" यजमान आधी हसतात, मग माझ्याकडे जरा नीट बघतात, आणि मग आत हाक मारून बायकोला विचारतात, कारण त्यांना माहीत नसतं. माझी मुलगी अशा वेळी मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसते. "बाबा, फार क्रिंज वाटतं हो ते," असं परतीच्या वाटेवर गाडीत सांगते. वाटत असेल. डोक्यावरचे केस गेले, चष्म्याला दोन नंबर लागले, सकाळ रक्तदाबाच्या गोळीने सुरू होते. आता मला कोणाच्या वाटण्याचं फारसं काही वाटत नाही. शिवाय हा प्रश्न विचारण्याची खोड मला दामले काकांच्या घरात लागली आणि ती ज्या पद्धतीने लागली ते बघता ती सुटणं शक्य नाही.

मी वर्ध्याकडचा. बारावीला बरे गुण पडले म्हणून पुण्यात इंजिनिअरिंगला आलो, तेही इलेक्ट्रिकलला. आमच्या गावात त्या काळी वीज दिवसातून काही तास असायची, त्यामुळे मुलाने विजेचा इंजिनिअर होणं हे वडिलांना देशसेवेसारखं वाटत होतं. कर्वेनगरात एका गल्लीत दामल्यांचा छोटा बैठा बंगला होता. खाली काका आणि काकू, वर गच्चीला लागून एक खोली, तिला बाहेरून जिना. ती खोली मला मिळाली. मिळण्याआधी काकांनी माझी मुलाखत घेतली. मी म्हणालो, "काका, नळाला पाणी येऊन राहिलं ना जी?" काकांनी चष्मा काढून पुसला. "अहो वानखडे, येऊन राहिलं म्हणजे येतंय, की येऊन तिथेच मुक्कामाला राहिलंय?" मी घाईघाईने "येतंय का" असं दुरुस्त केलं. "येतं," काका म्हणाले. "सकाळी. आणि तुम्हीही सकाळी उठलात तर तुमची भेट होईल."

काका खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात नोकरीला होते, सुरक्षा विभागात. उभी नोकरी त्यांनी माणसांना काडेपेटीपासून लांब ठेवण्यात घालवली होती. निवृत्त होऊन कर्वेनगरला आल्यावर त्यांच्या ताब्यात लांब ठेवायला दोनच माणसं उरली, काकू आणि मी. पैकी काकूंचा काडेपेटीशी रोजचा संबंध, त्यामुळे त्यांना काही बोलता येत नसे. उरलो मी.

घरात आवाज भरपूर. पहाटे काकांचं घसा साफ करणं, मग काकूंचा खलबत्ता, मग कुकर, मग रेडिओवरच्या बातम्या आणि त्या बातम्यांना काकांनी दिलेली उत्तरं. काकूंना मला बोलवायचं असलं की त्या स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजांवर पळी आपटत. एकदा आपटली की चहा, दोनदा आपटली की काहीतरी तळलेलं. त्यांच्या आमटीत गूळ असायचा. पहिल्या दिवशी मला वाटलं चुकून पडला, दुसऱ्या दिवशी वाटलं पुन्हा चुकून पडला, तिसऱ्या दिवशी मी समजून चुकलो की हे असंच असतं. मी घरून आणलेली तिखटाची पुडी खिशात घालून जेवायला बसू लागलो आणि काकू वळल्या की चिमूटभर टाकू लागलो. काकूंनी ते कधी बघितलं कोण जाणे. एक दिवस पानात मिरचीचा ठेचा आला, असा झणझणीत की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. "खिशातलं तिखट कपड्यांना लागतं रे," एवढंच म्हणाल्या. काकू फार बोलत नसत. गुडघ्यांनी बेजार होत्या, त्यामुळे फार हिंडत-फिरतही नसत. गोऱ्या, ठेंगण्या, कपाळावर टिकली आणि तिच्या वर कायम पिठाचा एक फराटा.

आणि रविवारी सकाळी सराव असायचा.

हा सराव म्हणजे काय ते आज कोणाला सांगितलं तर खोटं वाटतं. काकांचं म्हणणं असं, की घरात तीन गोष्टी बाहेरून येतात, वीज, गॅस आणि पाणी. तिन्हींना घरात घ्यायला कोणालाही जमतं, पण वेळ आली तर बाहेर ठेवायला जमलं पाहिजे. आणि त्याला क्रम आहे. आधी वीज, मग गॅस, मग पाणी. रविवारी अंघोळ झाली की काका व्हरांड्यात हाताची घडी घालून उभे राहत आणि एकदम ओरडत, "वानखडे, वीज!" मी जिथे असेन तिथून धावत व्हरांड्यातल्या मीटरच्या पेटीशी जायचो आणि तिथल्या दांडीला हात लावून "बंद" म्हणायचो. "गॅस!" मी स्वयंपाकघरात धावायचो, ओट्याखाली वाकून सिलेंडरच्या रेग्युलेटरला हात लावायचो, "बंद". "पाणी!" मी जिन्याने गच्चीवर, टाकीखालच्या चाकाशी, "बंद". मग खाली येऊन काकांचा अभिप्राय ऐकायचा. बहुतेक वेळा तो "हं" एवढाच असे. कधी "बरं" असे. एकदा तर ते "वा" म्हणाले होते आणि मी ते घरी पत्रात कळवलं होतं.

मी त्या सरावात उत्तम होतो, हे मुद्दाम सांगतो. पुढे जे झालं ते वाचताना ते लक्षात असू द्या. काका समोर उभे राहून बोटाने दाखवत असत, त्यामुळे उत्तम होतो, ही गोष्ट मला फार उशिरा उमगली.

मी "गॅस!" साठी आत धावत गेलो की काकू ओट्यापाशी पोहे परतत असायच्या. त्या पदर आवरून बाजूला व्हायच्या, मी वाकायचो, उठायचो, "बंद" म्हणायचो, आणि त्या पुन्हा पोह्यांकडे वळायच्या. एकदा त्यांनी विचारलं होतं, "अहो, मी पण येऊ का? मला दाखवा की ते मीटरचं." काका म्हणाले, "तुला काय करायचंय? मी आहे, वानखडे आहेत. तू पोहे बघ, खाली लागतील." काकूंनी पोहे बघितले. ते खाली लागले नाहीत. मीसुद्धा तेव्हा हसलो होतो, कारण पोहे फार छान झाले होते.

त्या दिवाळीच्या आधी काकूंच्या मुलीने बंगळूरहून पैसे पाठवून त्यांना कपडे धुण्याचं मशीन घेऊन दिलं. काकांनी त्याचं माहितीपत्रक दोनदा वाचलं आणि मशीन स्वयंपाकघराच्या आतल्या कोपऱ्यात, मोरीच्या नळाला रबरी नळी जोडून बसवलं. फ्रिजच्या प्लगजवळ दोन प्लग मावेनात म्हणून एक एक्स्टेन्शन बोर्ड आणून जमिनीवर भिंतीकडेला ठेवला. "तात्पुरता आहे," काका म्हणाले. सुरक्षा विभागात हयात गेलेल्या माणसाच्या घरात तात्पुरता ठेवलेला बोर्ड किती दिवस राहतो, याचं उत्तर असं, की तो अजून तिथेच असता.

ज्या दिवशी ते घडलं त्या दिवशी काका खडकीला गेले होते. कारखान्यातले कोणी जुने सहकारी निवृत्त होत होते आणि काका भाषण करणार होते, विषय अर्थातच सुरक्षितता. मोबाइल तेव्हा नुकते आले होते. काकांकडे एक होता, पण बाहेर नेला तर हरवेल म्हणून ते तो कपाटात ठेवून जात. मी कॉलेज बुडवून वर खोलीत पालथा पडलो होतो. सकाळचे दहा-साडेदहा झाले असतील. टेपरेकॉर्डरवर गाणी चालू होती. खालून तेलाचा वास येत होता आणि मला माहीत होतं की कोथिंबीर वड्या होणार आहेत. तेवढ्यात पळी आपटली. एकदा, दोनदा, मग आपटतच राहिली. मला वाटलं, वड्या चांगल्याच जमलेल्या दिसतात. मी उठलो, तोंड धुतलं, आरशात बघून भांग पाडला. भांग पाडला, हे मी आजही विसरू शकत नाही.

खाली स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी आलो तर काकू जमिनीवर नव्हत्या. आतल्या कोपऱ्यात लाकडी स्टुलावर उभ्या होत्या, एका हाताने वरची फळी धरलेली, दुसऱ्या हातात पळी, त्या पळीने खिडकीचे गज बडवत होत्या. मशीनची नळी नळावरून सुटून भिंतीकडेला नागासारखी डोलत होती आणि नळातून पाण्याचा जोरदार फवारा उडत होता. सगळ्या फरशीवर पाणी.

"काकू, तुम्ही वर काय करून राहिल्या?" मी विचारलं.

"आत येऊ नकोस!" त्या ओरडल्या. काकूंना मी कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. "पाण्यात पाय ठेवला तर झिणझिण्या आल्या मला. सबंध पायभर. करंट उतरलाय पाण्यात."

मी बघितलं. तात्पुरता बोर्ड पाण्यात बुडाला होता. फ्रिज शांतपणे गुरगुरत होता. आणि ओट्यावर, दाराच्या बाजूला, कढईत तेल होतं, खाली गॅस मोठा, आणि तेलातून निळसर धूर निघायला लागला होता. काकूंचा हात तिथवर पोचत नव्हता. माझा पोचला असता, पण त्यासाठी दोन पावलं पाण्यातून टाकावी लागली असती.

इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने या क्षणी काय केलं? तो पाणी बंद करायला गच्चीवर धावला. मी आजवर पुष्कळ विचार केला आहे की का. आधीच्या रविवारी काकांनी शेवटी "पाणी!" म्हटलं होतं, एवढंच कारण सापडतं. जिना चढून टाकीखाली पोचलो तर तिथे एक नाही, तीन चाकं. सरावात मी एकाच चाकाला हात लावत असे, कारण काका त्याच्याकडे बोट दाखवून उभे असत. मधलं धरलं, फिरवलं, घट्ट बसेपर्यंत फिरवलं, आणि विजयी मुद्रेने खाली आलो. फवारा तसाच. मी माझ्याच न्हाणीघराचं पाणी तोडलं होतं.

"अरे बाबा, आधी करंट बघ ना!" काकू म्हणाल्या. स्टूल जुनं होतं, एक पाय आखूड, आणि त्या हलल्या की तेही हलत होतं. त्या पडल्या असत्या तर पाण्यातच पडल्या असत्या. हे मला आता कुठे दिसलं. तोवर मला ते सगळं, खरं सांगायचं तर, रविवारसारखंच वाटत होतं.

व्हरांड्यात धावलो. मीटरची पेटी उघडली. तिथे दोन दांड्या. वरच्या खोलीचं मीटर वेगळं होतं, भाडेकरू ठेवायचा म्हणून काकांनीच बसवून घेतलेलं. मी एक दांडी खाली ओढली. वर गच्चीवरची गाणी बंद पडली. माझं पाणी मी तोडलं होतं, आता माझी वीजही तोडली. मागून काकूंचा आवाज आला, "फ्रिज चालूच आहे रे!" मी दुसरी दांडी ओढली. घरभर एकदम असं काही शांत झालं की पाण्याचा आवाज दुप्पट वाटायला लागला.

मागच्या दाराशी परत आलो आणि उंबऱ्यावर थांबलो. वीज गेली होती, हे मला कळत होतं. फ्रिज गप्प होता. मी स्वतःच्या हाताने दांडी ओढली होती. पण ज्याने नुकत्याच दोन्ही गोष्टी आधी चुकीच्या केल्या आहेत त्या माणसावर मी किती विश्वास ठेवायचा, हा प्रश्न होता, आणि तो माणूस मी होतो. एका पायाचा अंगठा पाण्याला लावला आणि मागे घेतला.

"गंगेत उतरतोयस का?" काकू स्टुलावरून म्हणाल्या. "तेल बघ, तेल!"

मी पाण्यात उडी मारली. काही झालं नाही. आणि त्याच क्षणी कढईने पेट घेतला. भक्कन आवाज झाला, तेलाच्या वर हातभर ज्वाळा उभी राहिली आणि ओट्यावरच्या फळीला चाटायला लागली. फळीवर काकांचं कॅलेंडर होतं, त्याची कडा काळी पडली. माझ्या डोक्यात एकच विचार आला, की आग आहे आणि मी घोटाभर पाण्यात उभा आहे, म्हणजे काम सोपं आहे. शेजारी तांब्या होता. तो मी बुडवून भरला.

"पाणी नको!" काकूंनी अशी किंकाळी फोडली की तांब्या माझ्या हातातून पडला. "पाणी टाकलंस तर घर पेटेल! खाली वाक, गॅस बंद कर!"

मी वाकलो. ओट्याखाली सिलेंडर होता आणि त्याचा रेग्युलेटर मी इतक्या रविवारी हाताळला होता की तो झोपेत फिरवता आला असता. डोक्यावर ज्वाळा असताना मात्र तो फिरेना. मी उलटीकडे जोर लावत होतो. मग सुलटीकडे लावला. फिरला. शेगडीखालचा निळा जाळ विझला, पण कढईतलं तेल जळतच होतं.

"हे धर," काकू म्हणाल्या. वरच्या फळीवरून त्यांनी कणीक मळायची मोठी पितळी परात ओढून काढली होती. त्यांनी ती माझ्याकडे फेकली. मी गावात असताना क्रिकेट खेळायचो तेव्हा मला सीमारेषेपाशी, शक्यतो झाडाखाली उभं करत, कारण माझ्या हातात आलेला चेंडू हमखास सुटायचा. ती परात सुटली नाही. दोन्ही हातांनी धरली आणि तशीच, तोंड फिरवून, कढईवर पालथी घातली. परातीच्या कडेने थोडा जाळ बाहेर आला, माझ्या उजव्या हातावरचे केस गेले, आणि मग काळा धूर निघाला आणि संपलं.

मग मला आठवलं की अजून पाणी राहिलंय. "काकू, आलोच," म्हणून मी पुन्हा गच्चीवर गेलो आणि तिन्हीच्या तिन्ही चाकं फिरवून टाकली, आता चूक व्हायला जागाच ठेवली नाही. खाली आलो तर फवारा थांबला होता. काकू स्टुलावरून उतरून मशीनशेजारी उभ्या होत्या, आपादमस्तक भिजलेल्या.

"केलं बंद!" मी म्हणालो.

"मी केलं," काकू म्हणाल्या. त्यांनी हाताने दाखवलं. ज्या नळावरून नळी सुटली होती, त्या नळालाच एक चावी होती. करंट गेल्यावर त्या चार पावलं चालत गेल्या होत्या आणि नळ बंद केला होता, जसा कोणीही कुठलाही नळ बंद करतो.

मग त्या खुर्चीवर बसल्या आणि त्यांना रडू आलं. मला काय करावं ते कळेना. मी फडकं घेऊन फरशी पुसायला लागलो. त्या घरात मी पहिल्यांदाच काहीतरी धड करत होतो. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "मला वाटलं, गेले मी. आणि माहितेय का, वाटत काय होतं? वाटत होतं, इतकी वर्षं या घरात राहते आणि मला माहीत नाही हे सगळं बंद कुठून होतं."

दुपारी काका परत आले. गळ्यात हार तसाच होता. भाषण चांगलं झालं असणार, कारण ते फाटकातूनच काहीतरी सांगत आले. आत येऊन त्यांनी बघितलं. काळी भिंत, अर्धं जळलेलं कॅलेंडर, दोरीवर वाळत घातलेली पायपुसणी, माझ्या हाताला लावलेलं तूप. मी घडलेलं सगळं सांगितलं, भांगाचं सोडून. काका खुर्चीत बसले. आधी त्यांनी काकूंकडे बघितलं, मग तो बोर्ड उचलून त्याची वायर हाताला गुंडाळत राहिले. पण तोंड उघडल्यावर ते म्हणाले, "वानखडे, क्रम चुकला तुमचा."

"त्याचा क्रम चुकला," काकू म्हणाल्या. त्या दारात उभ्या होत्या. "आणि माझं काय चुकलं?"

"तुला कोण काय म्हणतंय?"

"तेच म्हणते मी. मला कोणी काही म्हणतच नाही. दर रविवारी तुम्ही ह्याला शिकवता. हा बापडा उद्या शिकून त्याच्या गावाला जाईल. तुम्ही असता बँकेत, मंडईत, खडकीला. घरात दिवसभर कोण असतं?"

"अगं, पण तुझे गुडघे..."

"दांडी हाताने ओढतात ना? की गुडघ्याने?"

काका हाराची फुलं तोडत बसले.

मी आज ज्या सोसायटीत राहतो, वारज्याला, तिथे प्रत्येक गोष्टीला माणूस आहे. पाइपने गॅस येतो, पाणी वरून येतं, तक्रार अॅपवर टाकायची. शेजारच्या घरातले दोघं नवरा-बायको कंपनीत मोठ्या पदावर, मागे त्यांच्या बाथरूममधली नळी फुटली तेव्हा ते अॅपवर तक्रार टाकून तिच्यावर कोणी अंगठा उमटवतंय का ते बघत सोफ्यावर पाय वर घेऊन बसले होते. मी जाऊन त्यांच्या सिंकखालची चावी फिरवली. त्यांनी मला देव मानलं. त्याआधी त्यांच्यापुढे एकदा ती उलट्या बाजूलाही फिरवून झाली होती आणि फवारा छतापर्यंत गेला होता, हे ते सौजन्याने विसरले.

तर, पुढचे दोन दिवस दामल्यांच्या घरात कोणी कोणाशी भांडलं नाही. जेवण वेळेवर होत होतं, आमटीत गूळ होता, फक्त काकू बोलत नव्हत्या. तिसऱ्या दिवशी काकांनी आपणहून त्यांना व्हरांड्यात बोलावलं आणि दोन्ही दांड्या दाखवल्या. कुठली वरची, कुठली खालची, हे रंगाने लिहूनही टाकलं. काकूंनी पाटावर उभं राहून खालची ओढली, रेडिओ बंद पडला, पुन्हा ढकलली, बातम्या सुरू झाल्या. मग रेग्युलेटर. तो त्यांना आमच्या दोघांपेक्षा चांगला येत होता. रोज रात्री झोपताना त्याच बंद करत असत, हे काकांना त्या दिवशी कळलं. "आणि पाण्याचं?" काकूंनी विचारलं. "गच्चीवर जाऊ नकोस," काका म्हणाले. "जिना अरुंद आहे, कठडा नाही. पडशील. पाणी राहू दे." काकूंनी मान डोलावली. मला वाटलं, मिटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका टॉवेल घेऊन न्हाणीघरात गेले आणि कडी लागल्याचा आवाज आल्याबरोबर काकू मागच्या दाराने बाहेर आल्या. पदर खोचलेला. "चल," मला म्हणाल्या. मी पुढे, त्या मागे, एका हाताने भिंत धरून, एका हाताने माझा खांदा धरून. एका पायरीवर दोन्ही पाय टेकवून मग पुढची. मधे एकदा बसल्या. वर पोचलो तेव्हा त्यांना घाम फुटला होता. त्यांनी आजूबाजूला बघितलं, आणि बघतच राहिल्या. तिकडे टेकडी, अलीकडे कॉलेजच्या इमारती, लांब वारज्याकडे नवीन बांधकामं चाललेली. "घर बांधलं तेव्हा वास्तुशांतीला आले होते वर," म्हणाल्या. "त्यानंतर आज. माझी गच्ची, आणि राहतोस तू."

मी त्यांना तिन्ही चाकं दाखवली. हे स्वयंपाकघराचं, हे मधलं माझं, हे खालच्या न्हाणीघराचं. आता मला चोख माहीत होती. काकूंनी हात पुसले, तिसऱ्या चाकापाशी वाकल्या आणि दोन्ही हातांनी ते फिरवलं. गंजलेलं होतं, कुरकुरलं, पण शेवटपर्यंत गेलं. मग त्या टाकीच्या सावलीत चौथऱ्यावर बसल्या आणि गुडघे चोळायला लागल्या.

खालून हाक आली. "अगं, पाणी गेलं!"

मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी हाताने मला गप्प बसवलं.

"वानखडे! अहो वानखडे, टाकी बघा जरा!" मग नळ उघडून पुन्हा बंद केल्याचा आवाज. "साबण लावलाय इथे मी!"

"सोडू का, काकू?" मी हळूच विचारलं.

"मी सोडते. बसू दे जरा. वारा किती छान लागतोय."

खालचे आवाज वाढले, बादली आपटली, मग एकदम थांबले. आणि मग काकांचा वेगळाच आवाज आला, जरा घाबरलेला. "अगं, ऐकतेस ना? कुठे आहेस तू?"

तेव्हा काकू उठल्या. गच्चीच्या कडेला आल्या, न्हाणीघराच्या झरोक्याच्या बरोब्बर वर उभ्या राहिल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "गच्चीवर आहे. पाणी मी बंद केलंय. मला येतं का ते बघत होते."

खाली बादली सरकवल्याचा आवाज आला.

"आलं का?" काकांनी विचारलं.

"आलं."

"मग आता," झरोक्यातून आवाज आला, "सोडायला येतं का तेही बघ."

काकूंनी पदराने तोंड पुसलं, माझ्याकडे बघून हसल्या आणि चाकाकडे वळल्या.